गाळातले लहान रेणू : द्रावक निवडण्याआधी

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : सांडपाण्यातून फॉस्फरस जैविक मार्गाने काढून टाकणाऱ्या जिवाणूसमूहांवर मी पीएचडी करीत आहे. शहरातील एका प्रक्रिया केंद्राच्या वायुवीजन टाकीतून गाळ आणायचा, त्यातील जिवाणूंच्या चयापचयातले लहान रेणू, म्हणजे मेटाबोलाइट, द्रावकाने बाहेर काढायचे आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, मोजायचे, असे कामाचे स्वरूप आहे. माझे मार्गदर्शक मिथेनॉल, क्लोरोफॉर्म आणि पाणी यांचे मिश्रण वापरावयास सांगतात. शेजारच्या प्रयोगशाळेतील सहकारी मात्र ॲसिटोनायट्राइल, मिथेनॉल, पाणी आणि किंचित फॉर्मिक ॲसिड हेच मिश्रण योग्य असल्याचे ठामपणे सांगतात. मी दोन्ही करून पाहिले. दोन्ही अर्कांत एएमपी (एटीपी खर्च होऊन उरणारा रेणू) भरपूर आणि एटीपी (पेशीचा ऊर्जावाहक रेणू) जवळपास नाहीच, असे दिसले. नमुने बर्फाच्या पेटीत ठेवून सुमारे दोन तासांत प्रयोगशाळेत आणले होते. दोहोंपैकी कोणती पद्धत निवडावी?
— एक संशोधक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य शेवटून दुसरे आहे, आणि त्यात कोणत्याही द्रावकाचे नाव नाही.

जिवंत पेशीत एटीपी, एडीपी (दोहोंमधली पायरी) आणि एएमपी यांचे परस्परांशी असलेले प्रमाण फार काटेकोरपणे राखलेले असते. जीवरसायनशास्त्रज्ञ डॅनियल ॲटकिन्सन यांनी १९६८ मध्ये त्यासाठी एक सोपे माप सुचवले : एटीपी आणि निम्मे एडीपी यांची बेरीज करावी आणि तिला तिन्ही रेणूंच्या एकूण बेरजेने भागावे. वाढीस लागलेल्या जिवाणूत हे माप साधारणपणे ०.८ ते ०.९५ च्या दरम्यान येते. गाळात उपाशी आणि मरायला टेकलेल्या पेशीही असतात, त्यामुळे तेथे ते थोडे खाली आले तर नवल नाही; परंतु एटीपी जवळपास शून्य आणि एएमपीचा ढीग हे धडधाकट गाळाचे लक्षण नव्हे. शिवाय आम्लयुक्त ॲसिटोनायट्राइल गाळावर पडताच बहुतेक विकरे (एन्झाइम) निकामी होतात, म्हणजे त्या नळीत द्रावक ओतल्यानंतर एटीपी फारसा तुटलेला नसावा. तरीही त्या अर्कात तो सापडत नसेल, तर तो आधीच, वाटेत संपलेला होता.

वाटेत काय घडते, याचा साधा हिशेब मांडून पाहू. ज्या टाकीत दर लिटरला ३,००० ते ४,००० मिलिग्रॅम गाळ आहे, तेथील जिवाणू तासाला लिटरमागे ३० मिलिग्रॅम ऑक्सिजन सहज वापरू शकतात, आणि टाकीच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या आसपास. बाटलीचे झाकण लावले की हा साठा चारेक मिनिटांत संपतो. लिटरभर पाणी बर्फात ठेवले तरी ते आतपर्यंत गार व्हायला याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. आपल्या अभ्यासातील फॉस्फरस साठवणाऱ्या जिवाणूंची मुख्य खुबीच अशी की ऑक्सिजन असताना ते एका तऱ्हेने वागतात आणि नसताना अगदी उलट : ऑक्सिजन गेला की ते पेशीतील पॉलिफॉस्फेट, म्हणजे फॉस्फेटची साठवलेली साखळी, तोडून फॉस्फेट बाहेर सोडतात, ॲसिटेटसारखी लहान आम्ले मिळतील तेवढी आत ओढतात आणि ग्लायकोजेन (साठवलेली शर्करा) खर्चून त्यांचे पॉलिहायड्रॉक्सिअल्कनोएट (पेशीतला कार्बनचा साठा) बनवून ठेवतात. म्हणजे नमुना घेतला वायुवीजन टाकीतून आणि प्रयोगशाळेत पोहोचला तो बराचसा अवायू टप्प्यातला गाळ होऊन. अशा नमुन्यावर दोन द्रावकांची तुलना करणे म्हणजे शिळ्या दुधाच्या दोन चहांत कोणती पत्ती चांगली, हे ठरवण्यासारखे आहे.

त्यामुळे निवडीची पहिली पायरी टाकीच्या काठावर आहे : चयापचय जागच्या जागी थांबवणे. यीस्टसाठी १९९२ मध्ये उणे ४० अंश सेल्सिअसच्या ६० टक्के मिथेनॉलमध्ये पेशी झटकन ओतण्याची पद्धत पुढे आली आणि बराच काळ ती सर्वत्र जशीच्या तशी उचलली गेली. पुढे असे लक्षात आले की अनेक जिवाणूंच्या पेशींतून त्या थंड मिथेनॉलमध्ये आतले रेणू झिरपून बाहेर येतात. यीस्टची जाड भिंत हा धक्का पेलते, बऱ्याच जिवाणूंना तो पेलत नाही. आणि गाळात तर शेकडो जातींचे जिवाणू एकत्र नांदत असल्यामुळे कोण किती झिरपेल याचा अंदाज बांधणेच अशक्य. गाळासाठी माझी पसंती म्हणूनच द्रवरूप नायट्रोजनला आहे. लहान नळ्यांत एक-दोन मिलिलिटर गाळ घ्यावा आणि अर्ध्या मिनिटाच्या आत उणे १९६ अंशांच्या त्या द्रवात बुडवावा. मोठी बाटली बुडवू नये, कारण तिचा गाभा गोठेपर्यंत तेथील जिवाणूंचे जेवण उरकलेले असते.

मात्र गोठवण्याचीही एक किंमत आहे. गोठून पुन्हा वितळताना पुष्कळ पेशी फुटतात, आणि मग एखादा रेणू पेशीत होता, फ्लॉकच्या (जिवाणूंच्या गुठळीच्या) चिकट वेष्टनात अडकलेला होता की नुसता पाण्यात होता, हे सांगता येत नाही. आपल्या प्रश्नाला हा भेद लागत असेल, तर गोठवण्यापूर्वीच थोडा गाळ सिरिंजला लावलेल्या गाळणीतून दाबून पाणी वेगळे घ्यावे आणि गाळणीवरचा गाळ गाळणीसकट थंड द्रावकात टाकावा. एका मिलिलिटरसाठी यास काही सेकंद पुरतात. त्याहून अधिक गाळ घेतला तर गाळणी तुंबते आणि घाईचा सगळा उद्देश फसतो. भेद लागत नसेल, तर संपूर्ण गाळ एकत्र गोठवावा आणि लेखात तसे स्पष्ट लिहावे. ‘पेशीअंतर्गत’ हा शब्द गाळाच्या बाबतीत अनेकदा फार सैलपणे वापरला जातो, असे माझे मत आहे.

आता द्रावकांकडे वळू. आपल्या मार्गदर्शकांनी सुचवलेल्या मिश्रणाचे मूळ कॅनडातील हॅलिफॅक्स येथे आहे. ब्लाय आणि डायर यांनी १९५९ मध्ये माशाच्या स्नायूतील मेद काढण्यासाठी ही पद्धत लिहिली. आधी क्लोरोफॉर्म, मिथेनॉल आणि पाणी यांचे १ : २ : ०.८ असे एकजीव मिश्रण करायचे, मग आणखी एकेक भाग क्लोरोफॉर्म आणि पाणी घालून दोन थर पाडायचे. खालच्या क्लोरोफॉर्ममध्ये मेद जातात आणि वरच्या पाणी-मिथेनॉलमध्ये अमिनो आम्ले, शर्करा, सेंद्रिय आम्ले राहतात. एकाच नळीतून दोन्ही जगे हाती लागतात, हा तिचा मोठा लाभ. पण त्या ०.८ मध्ये माशाच्या अंगचे पाणीही धरलेले होते, हे पुष्कळ जण विसरतात. सेंट्रिफ्यूज करून खाली बसलेला गाळ घट्ट दिसला तरी त्याच्या वजनाचा मोठा हिस्सा पाणीच असते. ते हिशेबात न घेता वरून आणखी पाणी घातले, तर मिश्रण एकजीव होण्याआधीच फाटते आणि मेद पुरते निघत नाहीत. गाळाचा छोटा भाग वाळवून त्यातील पाणी आधी मोजा, मग द्रावकाचे माप ठरवा.

दुसरी अडचण दोन थरांच्या मधल्या पडद्याची. शुद्ध जिवाणूसंवर्धात तो पातळ असतो. गाळात मात्र फ्लॉकला धरून ठेवणारी पॉलिसॅकराइडे आणि प्रथिने तेथे जमून जाडसर साय धरते. खालचा क्लोरोफॉर्म काढताना पिपेटचे टोक त्या सायीतून न्यावे लागते आणि थोडी घाण हमखास बरोबर येते. मेद हाच आपला मुख्य विषय असेल, तर क्लोरोफॉर्मऐवजी मिथिल टर्शरी ब्युटिल ईथर वापरण्याची २००८ मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत जरूर करून पाहावी : तिच्यात मेदांचा थर वर तरंगतो आणि कचरा तळाशी बसतो, त्यामुळे हवे ते अलगद उचलता येते. ईथर ज्वालाग्राही आहे, एवढे मात्र ध्यानात असू द्यावे.

आपल्या सहकाऱ्यांचे मिश्रणही निराधार नाही. राबिनोविट्झ आणि किमबॉल यांनी २००७ मध्ये ई. कोलाय या जिवाणूवर काम करून दाखवले की न्यूक्लिओटाइडांसाठी आम्लयुक्त ॲसिटोनायट्राइल अधिक भरवशाचे ठरते, कारण नुसत्या थंड मिथेनॉलमध्ये काही विकरे तग धरून राहतात आणि एटीपीसारखे ट्रायफॉस्फेट तोडत राहतात. ॲसिटोनायट्राइल, मिथेनॉल आणि पाणी यांचे ४० : ४० : २० हे प्रमाण आणि ०.१ मोलर फॉर्मिक ॲसिड ही त्या पद्धतीची खूण आहे. अर्क काढल्यावर अमोनियम बायकार्बोनेटने ते आम्ल उदासीन करावे लागते. तसे न करता अर्क तसाच साठवला, तर आम्लाने आधी वाचवलेले रेणू तेच आम्ल पुढे हळूहळू खराब करते.

तेव्हा माझा सल्ला असा : ऊर्जेची स्थिती आणि फॉस्फेटधारी मध्यस्थ रेणू हा आपला विषय असेल, तर आम्लयुक्त ॲसिटोनायट्राइल घ्या, जिवाणूसमूहाची एकूण ओळख आणि मेद दोन्ही हवे असतील, तर मार्गदर्शकांचे तीन द्रावकांचे मिश्रण घ्या. फॉस्फरस हा प्रबंधाचा कणा असल्याने मी आपल्या जागी असतो तर पहिल्याला प्राधान्य दिले असते.

द्रावक कोणताही असो, फ्लॉक आणि पेशी फोडल्याशिवाय तो आत पोहोचत नाही. फेसाळ गाळात आढळणाऱ्या गॉर्डोनियासारख्या जिवाणूंच्या भिंतीत मायकोलिक आम्लांचे मेणचट थर असतात, त्यांना नुसते हलवून काही होत नाही. गोठलेला गाळ द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीतच दळणे उत्तम. ते यंत्र नसेल तर ०.१ मिलिमीटरचे झिर्कोनियाचे मणी घालून थंड द्रावकातच, थोडा वेळ हलवणे आणि थोडा वेळ बर्फात विसावा, अशा आवर्तनांनी फोडावे. सलग हलवल्यास नळी चांगलीच तापते.

याच संदर्भात लक्झेंबर्गमधील एक काम आपण पाहावे. रूम, विल्म्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये शिफ्लांज येथील प्रक्रिया केंद्राच्या पृष्ठभागावर तरंगणाऱ्या गाळावर अशी रीत बसवली की एकाच नमुन्यातून प्रथम लहान रेणू आणि मग उरलेल्या ऐवजातून डीएनए, आरएनए आणि प्रथिने काढता यावीत. गाळाचे दोन शेजारचे चमचेही एकसारखे नसतात. एका चमच्यातील जनुके आणि दुसऱ्या चमच्यातील मेटाबोलाइट यांची सांगड घातली तर ती पोकळ ठरण्याची भीती असते. आपल्याला पुढे जनुकांचीही माहिती जोडायची असेल, तर आत्ताच ही रीत स्वीकारणे श्रेयस्कर.

केंद्रात फॉस्फरससाठी फेरिक क्लोराइडही मिसळतात का, हे तेथील अभियंत्यांना आधी विचारून घ्या. लोहाचे फॉस्फेटशी फार सख्य असते. शर्करांचे फॉस्फेट आणि न्यूक्लिओटाइड लोहाच्या कणांना चिकटून बसले, तर ते अर्कात येणारच नाहीत आणि आपण मात्र जिवाणूंना दोष देत बसाल.

पद्धत निवडली म्हणजे ती आपल्या गाळावर चालते असे सिद्ध होत नाही. त्यासाठी कार्बन-१३ ने खूण केलेले काही रेणू घ्यावेत. एका नळीत ते द्रावक घालण्याच्या क्षणी मिसळावेत, दुसरीत तयार अर्कात अगदी शेवटी, आणि तिसरे शुद्ध द्रावकात. पहिल्या दोहोंतील फरक म्हणजे काढताना झालेली घट. दुसऱ्या आणि तिसऱ्यातील फरक म्हणजे गाळातील क्षार आणि ह्युमिक पदार्थ यांनी मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये दाबून टाकलेला संकेत. या दोन घटी वेगळ्या न केल्यामुळेच अनेकदा दोष द्रावकाचा नसताना द्रावक बदलला जातो. टाकीतले गाळलेले पाणी त्याच सर्व पायऱ्यांतून नेऊन कोरा नमुना म्हणून चालवावा. शहरी सांडपाण्यात कॅफिन, पॅरासिटामॉल आणि धुण्याच्या पावडरीतील पृष्ठसक्रियके असतात, आणि ती जिवाणूंची निर्मिती म्हणून यादीत जाऊन बसतात. क्लोरोफॉर्म वापरताना पॉलिस्टायरीनच्या नळ्या तर टाळाव्यातच, कारण त्या विरघळतात. पण इतर प्लॅस्टिकातूनही मऊपणासाठी घातलेली रसायने अर्कात उतरतात, म्हणून शक्य तेथे काच वापरावी.

प्रश्न : आमच्याकडे मिथेनॉल-क्लोरोफॉर्मने काढलेले गाळाचे बरेच अर्क साठवलेले आहेत. त्यांतूनच पॉलिहायड्रॉक्सिअल्कनोएट, ग्लायकोजेन आणि ॲसिटेटसारखी बाष्पशील आम्ले मोजता येतील काय? नव्याने नमुने घेणे खर्चाचे आहे.
— एक पर्यावरण अभियंता, नागपूर

उत्तर : खर्च वाचवण्याची आपली इच्छा समजण्यासारखी आहे, पण या तिन्हींपैकी एकही त्या अर्कातून विश्वासाने मोजता येणार नाही, आणि तिन्हींची कारणे वेगवेगळी आहेत.

पॉलिहायड्रॉक्सिअल्कनोएट हा लहान रेणू नव्हे, लांबलचक साखळी आहे. क्लोरोफॉर्ममध्ये ती विरघळते खरी, पण मिथेनॉल मिसळलेल्या द्रावकात तिचा काही भाग पुन्हा साका होऊन गाळाबरोबर खाली जातो, त्यामुळे साठवलेल्या अर्कात किती उतरली आणि किती राहिली याचा ठाव लागत नाही. रूढ पद्धत अशी की शीतशुष्क केलेला गाळ क्लोरोफॉर्म आणि सल्फ्युरिक ॲसिडयुक्त मिथेनॉल यांत घट्ट झाकणाच्या काचनळीत १०० अंशांवर काही तास तापवायचा. साखळी तुटून तिच्या दुव्यांचे मिथिल एस्टर बनतात आणि ते गॅस क्रोमॅटोग्राफवर मोजायचे. येथे उष्णता आणि आम्ल, म्हणजे लहान रेणूंचे दोन शत्रू, मुद्दाम वापरावे लागतात, यावरूनच दोन्ही कामे एका नळीत का होत नाहीत हे ध्यानात येईल. आंतरिक प्रमाणक म्हणून बेन्झोइक ॲसिड बहुतेक ठिकाणी चालते.

ग्लायकोजेन द्रावकात येतच नाही. ते उरलेल्या चोथ्यात असते. चोथा राखून ठेवला असेल तर हायड्रोक्लोरिक ॲसिडने तापवून सुटलेले ग्लुकोज मोजता येईल. मात्र फ्लॉकच्या वेष्टनातील पॉलिसॅकराइडेही त्याच आम्लाने तुटून ग्लुकोज देतात, म्हणून येणारा आकडा ग्लायकोजेनची वरची मर्यादा समजावा. अवायू टप्प्याच्या आरंभी आणि शेवटी घेतलेल्या नमुन्यांतील फरक हा एकट्या आकड्यापेक्षा जास्त बोलका असतो, कारण वेष्टनातील शर्करा त्या एक-दोन तासांत फारशा हलत नाहीत.

ॲसिटेट आणि प्रोपिओनेट यांचा विचार सोडून द्यावा. अर्क निर्वातात वाळवला असेल तर ती उडून गेली असणार. त्यांच्यासाठी द्रावकाची गरजच नसते : टाकीकाठी पाणी ताबडतोब गाळावे, आम्ल घालून त्याचा सामू खाली आणावा, बाटली काठोकाठ भरून थंड ठेवावी आणि ते पाणी सरळ गॅस क्रोमॅटोग्राफवर सोडावे. साठवलेल्या अर्कांतून मेदांची ओळख आणि स्थिर अमिनो आम्ले मात्र आपण अजूनही मोजू शकाल.

प्रश्न : मी जिल्ह्याच्या ठिकाणी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. गावाच्या सांडपाणी केंद्रावर विद्यार्थ्यांकडून असा अभ्यास करून घ्यावा असे वाटते, पण आमच्याकडे उणे ८० अंशांचा फ्रीजर नाही आणि मास स्पेक्ट्रोमीटर तर दूरच. काही मार्ग आहे काय?
— एक प्राध्यापक, सोलापूर जिल्हा

उत्तर : मार्ग आहे, आणि त्याची सुरुवात एक गोष्ट लक्षात ठेवण्यापासून होते : प्रवास अर्काने करावा, गाळाने करू नये. द्रावकात उतरून कचऱ्यापासून वेगळा झालेला रेणू जिवाणूंच्या तावडीतून सुटलेला असतो. गाळ मात्र बाटलीतही जिवंत राहून आपले काम करीतच असतो.

द्रवरूप नायट्रोजनसाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. कृत्रिम रेतनाच्या कांड्या साठवण्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यांत तो नियमितपणे येतो, आणि रीतसर विनंती केल्यास लहान पात्रभर मिळण्याची शक्यता असते. त्याचे पात्र कधीही घट्ट बंद करू नये, आणि बंद काचांच्या गाडीतून नेऊ नये. उकळून निघणारा नायट्रोजन गाडीतील हवेची जागा घेतो आणि बसलेल्यांना कळायच्या आत गुदमरायला होते. तोही न मिळाल्यास मिठाच्या बर्फात चांगले थंड केलेले आम्लयुक्त ॲसिटोनायट्राइलचे मिश्रण आधीच मापून भरलेल्या झाकणबंद नळ्या घेऊन जावे, आणि टाकीकाठीच गाळणीवरचा गाळ त्यांत टाकावा. झिरपण्याची चिंता येथे उरत नाही, कारण नळीतले सगळेच आपण अर्क म्हणून घेणार आहोत. महाविद्यालयात परतल्यावर त्याच दिवशी सेंट्रिफ्यूज करून, आम्ल उदासीन करून, स्वच्छ अर्क साध्या उणे २० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवावा आणि काही दिवसांतच मास स्पेक्ट्रोमीटर असलेल्या संस्थेकडे धाडावा. त्या संस्थेशी बोलणे मात्र नमुना घेण्याच्या आधी करावे. कोणत्या क्षारांनी आणि आम्लांनी त्यांच्या यंत्राला त्रास होतो हे त्यांच्याकडूनच कळेल.

दरम्यान यंत्राविनाही पुष्कळ पाहता येते. टाकीतला गाळ दोन बाटल्यांत घेऊन एकीत हवा सोडावी, दुसरी बंद ठेवावी, दोहोंत थोडे सोडियम ॲसिटेट घालावे आणि दर पंधरा मिनिटांनी पाणी गाळून मॉलिब्डेटच्या निळ्या रंगाने फॉस्फेट मोजावे. बंद बाटलीत फॉस्फेट चढत गेले, तर फॉस्फरस साठवणारे जिवाणू तेथे आहेत. त्याच बाटलीतील गाळाच्या काचपट्टीवर सूडान ब्लॅक हा रंग चढवल्यास साठवलेल्या पॉलिहायड्रॉक्सिअल्कनोएटचे काळे ठिपके साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. अर्क काढण्यासाठी कोणती वेळ पकडायची, हे या दोन कसोट्यांवरून विद्यार्थ्यांना स्वतःच ठरवता येईल : फॉस्फेटचा आलेख सर्वांत वेगाने चढत असतानाची एक नळी आणि तो सपाट झाल्यावरची एक.